ऑफिस बदलतंय, मग माझ्या नोकरीचं काय? पनवेल आणि न्हावा शेवाच्या उदाहरणातून समजून घेऊया

"पुढच्या महिन्यापासून नवीन सिस्टम सुरू होतेय." "हे काम आता हेड ऑफिसमधून होणार." "आपला कॉन्ट्रॅक्टर बदलतोय." ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असा मेसेज पडला की सगळ्यांच्या डोक्यात एकच प्रश्न येतो: माझं काय होणार?

पनवेलमध्ये राहणाऱ्यांना बदल नवीन नाही. १ ऑक्टोबर २०१६ ला नगरपरिषदेची महानगरपालिका झाली. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचं उद्घाटन झालं. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून विमानं उडायला लागली. पण नोकरी कशी बदलते हे समजून घ्यायचं असेल, तर या सगळ्यांपेक्षा जुनं आणि चांगलं उदाहरण शेजारीच आहे. उरण तालुक्यातलं न्हावा शेवा बंदर, म्हणजे आपलं जेएनपीटी.

पनवेल, कळंबोली, उरण या पट्ट्यात ट्रेलरवाले, सीएफएसमधले कर्मचारी, क्लिअरिंगच्या ऑफिसमधली मुलं असे अनेक जण या बंदरावर पोट भरतात. गेल्या पस्तीसेक वर्षांत बंदराचा मालक कोण, काम कोण करतो आणि कागद कुठून फिरतो, हे सगळं बदललं. त्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते: पदाचं नाव जातं, पण त्या पदाखालचं सगळं काम जात नाही. त्याचे तुकडे होतात. काही तुकडे मशीनकडे जातात, काही दुसऱ्या शहरात जातात आणि काही आधीपेक्षा महत्त्वाचे होतात. तुमच्या नोकरीतला कुठला तुकडा कुठे चाललाय हे वेळेत ओळखता आलं, तर पुढचं पाऊल ठरवणं सोपं जातं.

आधी बंदराचं काय झालं ते पाहू

हे बंदर उभं राहण्याआधीच इथल्या गावांनी मोठी किंमत मोजली. नवी मुंबई आणि बंदरासाठी जमिनी घेतल्या जात होत्या, तेव्हा योग्य मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं. १६ आणि १७ जानेवारीच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. जमीन गेली, पण घरातल्या एकाला बंदरात कायमची नोकरी लागेल, अशी अनेक घरांची आशा होती.

सुरुवातीला बंदर स्वतः माल चढवायचं-उतरवायचं. १९९९ मध्ये शेजारी पहिलं खासगी टर्मिनल सुरू झालं. २००६ मध्ये आणखी एक आलं आणि २०१८ मध्ये चौथ्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. शेवटी २०२२ मध्ये बंदराचं स्वतःचं कंटेनर टर्मिनलसुद्धा खासगी कंपनीकडे चालवायला गेलं. देशातल्या मोठ्या सरकारी बंदरांपैकी हे पहिलं पूर्ण 'लँडलॉर्ड' बंदर झालं. म्हणजे जमीन आणि जेट्टी बंदर प्राधिकरणाची, पण क्रेन आणि रोजचं काम कंपन्यांचं. आपल्या भाषेत सांगायचं तर घरमालक आणि भाडेकरू.

धंदा कमी झाला म्हणून हे घडलं का? अजिबात नाही. २०२४-२५ मध्ये या बंदरातून ७० लाखांहून जास्त टीईयू गेले-आले. टीईयू म्हणजे वीस फुटी कंटेनरचं माप, चाळीस फुटी कंटेनर असेल तर दोन धरायचे. म्हणजे माल वाढला, काम वाढलं, पण काम देणारा बदलला. "कंपनी वाढतेय म्हणजे माझी नोकरी पक्की" हे समीकरण इथेच चुकतं. कंपनीची वाढ आणि तुमच्या पदाची वाढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मशीनने नेमकं काय घेतलं? कंटेनर नंबरची गंमत

पुढच्या वेळी पळस्पे फाट्यावर ट्रॅफिकमध्ये अडकलात, तर पुढच्या ट्रेलरवरच्या कंटेनरचा नंबर बघा. चार इंग्रजी अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी बहुतेक वेळा चौकटीत एक आकडा. तो शेवटचा आकडा म्हणजे 'चेक डिजिट'. बाकीचा नंबर बरोबर लिहिलाय की नाही, हे त्यावरून कळतं.

गणित असं आहे. प्रत्येक अक्षराला ठरलेली किंमत असते. ए म्हणजे १०, पण बी म्हणजे १२, कारण ११, २२ आणि ३३ हे आकडे गाळतात. मग पहिल्या जागेची किंमत १ ने गुणायची, दुसरीची २ ने, तिसरीची ४ ने, चौथीची ८ ने, असं दुप्पट करत जायचं. सगळ्याची बेरीज करायची, तिला ११ ने भागायचं आणि जी बाकी उरेल तो शेवटचा आकडा. बाकी १० आली तर ० धरतात.

नमुन्यासाठी सी-एस-क्यू-यू ३०५४३८ हा नंबर घ्या. अक्षरांच्या किमती १३, ३०, २८ आणि ३२. सगळी बेरीज ६१८५ येते. ११ ने भागली की बाकी उरते ३. म्हणून पूर्ण नंबर सी-एस-क्यू-यू ३०५४३८-३.

गेटवर उभं राहून नंबर टिपायचा, तो रजिस्टरमध्ये उतरवायचा आणि पुन्हा तपासायचा, हे एकेकाळी माणसाचं काम होतं. आता कॅमेरा नंबर वाचतो आणि सॉफ्टवेअर चेक डिजिट तपासतं. १ जुलै २०१६ पासून या बंदरात लॉजिस्टिक्स डेटा बँक सुरू झाली. कंटेनरला आरएफआयडी टॅग लागतो, वाटेतले रीडर तो वाचतात आणि कंटेनर कुठे आहे हे फोनवर दिसतं. "गाडी कुठपर्यंत आली?" असं विचारायला दिवसभर फोन करत बसण्याचं काम त्यामुळे बरंच कमी झालं.

पण मशीनने नंबर चुकीचा वाचला, सील तुटलेलं निघालं किंवा कागदावरचा आणि कंटेनरवरचा नंबर जुळला नाही, तर? मग गाडी अडते आणि कुणाला तरी निर्णय घ्यावा लागतो. नंबर टिपण्याचं काम गेलं, नंबर जुळत नाही तेव्हा काय करायचं हे काम राहिलं. आणि ते पूर्वीपेक्षा अवघड झालं, कारण रोजच्या सरळ गाड्या आता आपोआप निघून जातात. माणसाकडे येतात त्या फक्त अडलेल्या.

कागद गेला, मग क्लिअरिंगच्या पोरांचं काय झालं?

बाहेरून माल आला की कस्टम्समध्ये 'बिल ऑफ एंट्री' भरावं लागतं. हे काम आयातदारासाठी कस्टम्स ब्रोकर करतो. जुन्या सवयीने आजही सगळे त्याला सीएचए म्हणतात. पनवेल आणि आसपासच्या अनेक मुलांची पहिली नोकरी अशाच ऑफिसमधली.

पूर्वी या कामाचा मोठा भाग होता धावपळ. फाइल घेऊन कस्टम्स हाऊसला जा, शिपिंग लाइनकडून डिलिव्हरी ऑर्डर आण, सीएफएसला जाऊन माल तपासून घे. कुठल्या टेबलावर कुठले साहेब बसतात, त्यांना काय समजावून सांगायचं, हे ज्याला माहीत तो ऑफिसचा हिरो.

मग टप्प्याटप्प्याने तीन मोठे बदल झाले.

पहिला बदल म्हणजे ई-संचित. २०१८ पासून आयातीचे कागद स्कॅन करून पोर्टलवर चढवणं बंधनकारक झालं. प्रत्येक कागदाला आयआरएन नावाचा नंबर मिळतो आणि तो बिल ऑफ एंट्रीला जोडायचा.

दुसरा बदल, डायरेक्ट पोर्ट डिलिव्हरी. पूर्वी आयातीचा कंटेनर बंदरातून आधी सीएफएसला जायचा आणि तिथून सुटायचा. पात्र आयातदारांचा कंटेनर आता बंदरातून थेट कारखान्यात जाऊ शकतो. आयातदाराचा वेळ आणि पैसा वाचला. पण ज्या सीएफएसचा धंदा कंटेनर येऊन थांबण्यावर होता, त्यांचं तेवढं काम घटलं.

तिसरा बदल सगळ्यात मोठा होता, फेसलेस असेसमेंट. जून २०२० मध्ये बेंगळुरू आणि चेन्नईत सुरुवात झाली आणि ऑक्टोबर २०२० अखेर ही पद्धत देशभर लागू झाली. आता न्हावा शेवाला आलेल्या मालाचे कागद दुसऱ्याच शहरातला अधिकारी तपासू शकतो. तो कोण आहे हे तुम्हाला माहीत नसतं आणि त्याच्यासमोर जाऊन बसायची सोय नसते. शंका आली की तो सिस्टमवर क्वेरी टाकतो आणि तुम्ही लेखी उत्तर द्यायचं.

इथे काय बदललं ते नीट बघा. ओळखीचं महत्त्व कमी झालं आणि स्पष्ट लिहिण्याचं वाढलं. माल नक्की काय आहे, तो कशाचा बनलाय, कशासाठी वापरतात, म्हणून कुठल्या एचएस कोडमध्ये बसतो, हे चार-पाच ओळींत पटवून देता आलं पाहिजे. उत्तर मोघम असेल तर पुन्हा क्वेरी येते. तोपर्यंत कंटेनर थांबून राहतो आणि भाड्याचं मीटर चालू राहतं. बिल ऑफ एंट्री वेळेत भरलं नाही, तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि त्यानंतर रोज १०,००० रुपये दंड बसू शकतो. म्हणजे एका मुलाच्या चुकीची किंमत त्याच्या महिन्याच्या पगाराएवढी सहज होते.

या बदलात कुणाचा फायदा झाला? असं वाटेल की कॉम्प्युटर येणाऱ्या नव्या पोरांचा. पण फक्त टायपिंग येऊन भागत नाही. समोरचा माल प्लॅस्टिकचा तयार भाग आहे की मशीनचा सुटा भाग, हे वीस वर्षं माल उघडून पाहिलेल्या काकांना लगेच कळतं. त्यांना ते पोर्टलवर नीट लिहिता येत नाही, आणि ज्याला लिहिता येतं त्याला माल कळत नाही. ज्या ऑफिसमध्ये या दोघांना एका टेबलावर बसवतात, तिथे काम सुटतं. जिथे काकांना "तुमची आता गरज नाही" म्हणतात, तिथे वर्षभरात क्वेऱ्यांचा ढीग साचतो.

बदललंच नाही तर?

"आमचं चाललंय ते बरं चाललंय" हाही पर्याय सुरक्षित नाही. पनवेलजवळ रसायनीला हिंदुस्थान ऑर्गेनिक केमिकल्सचा सरकारी कारखाना होता. १९६० मध्ये स्थापन झालेली ही कंपनी एकेकाळी या भागातली मानाची नोकरी होती. पुढे तोटा वाढत गेला आणि मे २०१७ मध्ये केंद्र सरकारने रसायनीतले न परवडणारे प्लांट बंद करायचा निर्णय घेतला.

त्यातला एक प्लांट मात्र वाचला. तिथे रॉकेटमध्ये लागणारं नायट्रोजन टेट्रॉक्साइड बनायचं आणि देशात ते बनवणारं दुसरं ठिकाण नव्हतं. तो प्लांट आणि त्याच्याशी जोडलेले कर्मचारी इस्रोकडे द्यायचं ठरलं. कंपनी एकच, गेटही एकच, तरी दोन कामगारांचं भविष्य वेगळं झालं. त्यात कोण जास्त मेहनती होता याचा संबंध नव्हता. कोण कुठल्या कामावर होता, याचा होता.

चांगलं मॅनेजमेंट कसं ओळखायचं?

सगळी जबाबदारी कर्मचाऱ्यावर टाकून "स्किल वाढवा" म्हणणं सोपं आहे. बदल कंपनी करते, त्यामुळे कंपनीचंही काही देणं लागतं. तुमच्या ऑफिसमध्ये बदल येत असेल तर या तीन गोष्टी तपासा.

१. आधी सांगितलं का? सिस्टम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मेल येणं म्हणजे सांगणं नव्हे. कुठलं काम बंद होणार, कुणाकडे काय जाणार, कधीपासून, हे स्पष्ट कळायला हवं. "कुणाचीही नोकरी जाणार नाही, काळजी करू नका" एवढंच मोघम उत्तर मिळत असेल, तर पुढचा प्रश्न विचारा: "मग सहा महिन्यांनी माझं रोजचं काम काय असेल?"

२. शिकायला कामाच्या वेळात वेळ दिला का? रविवारी घरी बसून व्हिडिओ बघा म्हणणं आणि रोज एक तास काम हलकं करून शिकवणं यात फरक आहे. चांगल्या ठिकाणी काही आठवडे जुनी आणि नवी पद्धत सोबत चालवतात. त्या काळात झालेल्या चुकांवरून कुणाला झापत नाहीत, त्या लिहून ठेवतात.

३. वाचलेल्या पैशात वाटा दिला का? हा प्रश्न क्वचितच कुणी विचारतं. पण याचं एक उत्तर बंदरांच्याच इतिहासात सापडतं.

२६ एप्रिल १९५६ ला अमेरिकेत 'आयडियल एक्स' नावाचं जहाज ५८ कंटेनर घेऊन निघालं आणि आजच्या कंटेनरच्या धंद्याची सुरुवात झाली. गोणी आणि खोकी पाठीवर वाहणाऱ्या गोदी कामगारांची नोकरी जाणार हे उघड होतं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या संघटनेने मशीनला विरोध करत बसण्याऐवजी १९६० मध्ये करार केला. मशीन आणा, पण त्यातून जो फायदा होईल त्यातला हिस्सा आम्हाला द्या. मालकांनी सुमारे २ कोटी ९० लाख डॉलरचा निधी द्यायचं मान्य केलं. नोंदणीकृत कामगारांना काढलं जाणार नाही आणि लवकर निवृत्त होणाऱ्यांना चांगली रक्कम मिळेल, असं ठरलं.

यात एक मेख होती. संरक्षण पूर्ण नोंदणी असलेल्या कामगारांना मिळालं. जे तात्पुरते होते, ते बाहेर राहिले. आपल्याकडेही बदलाचा पहिला फटका कॉन्ट्रॅक्टवरच्या माणसाला बसतो. म्हणून नोकरीत शिरताना पगारासोबत हाही प्रश्न विचारा: माझं नाव नेमकं कुणाच्या रोलवर आहे?

आता तुम्ही काय करायचं?

पहिलं, तुमच्या कामाची यादी बनवा. फोनमधलं नोट्स ॲप उघडा. एक आठवडा रोज संध्याकाळी लिहा की आज मी काय काय केलं. पदाचं नाव नको, काम लिहा. "डॉक्युमेंटेशन एक्झिक्युटिव्ह" असं नाही, तर "इनव्हॉइस तपासलं, चेकलिस्ट बनवली, पार्टीला फोन केला, क्वेरीचं उत्तर लिहिलं" असं. मग प्रत्येक कामापुढे तीनपैकी एक खूण करा:

- हे मशीन करू शकतं (उदा. इनव्हॉइसमधले आकडे पोर्टलवर भरणं)
- हे मशीन करेल, पण कुणीतरी तपासावं लागेल (उदा. एचएस कोड सुचवणं)
- हे माणसालाच करावं लागेल (उदा. कंटेनर अडल्यावर पार्टी, ट्रान्सपोर्टर आणि टर्मिनल यांच्याशी बोलून मार्ग काढणं)

तुमचा अर्ध्याहून जास्त दिवस पहिल्या प्रकारात जात असेल, तर बदलाची घोषणा व्हायची वाट बघू नका. दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारातलं एखादं काम आजच मागून घ्या.

दुसरं, परीक्षा देऊन वर चढता येतं का ते बघा. कस्टम्स ब्रोकरच्या कामात कार्डांची उतरंड आहे. एच कार्डला परीक्षा लागत नाही, जी कार्डसाठी कस्टम्सची परीक्षा पास व्हावी लागते आणि त्याच्या वर एफ कार्ड. बरीच मुलं वर्षानुवर्षं एच कार्डवर राहतात, कारण कुणी सांगतच नाही. तुमच्या क्षेत्रात अशी कुठली सरकारमान्य पायरी आहे का, ते शोधा. कंपनीचं नाव बदललं तरी पास केलेली परीक्षा तुमचीच राहते.

तिसरं, केलेल्या कामाचा पुरावा ठेवा. दर शुक्रवारी दोन ओळी: कुठली अडचण आली आणि ती कशी सुटली. वर्षाच्या शेवटी अप्रेझलला किंवा नवीन इंटरव्ह्यूला हाच मसाला कामी येतो. पण पार्टीची इनव्हॉइस, किमती, पासवर्ड असलं काही स्वतःच्या फोनमध्ये ठेवू नका. एआय चॅटबॉटमध्येही ते पेस्ट करू नका. क्वेरीच्या उत्तराची भाषा सुधारायला एआयची मदत जरूर घ्या, पण त्याने सांगितलेला एचएस कोड किंवा नोटिफिकेशन नंबर मूळ ठिकाणी तपासल्याशिवाय वापरू नका. ही साधनं न चुकल्याच्या थाटात चुकीचा नंबर देतात.

चौथं, पीएफ आज तपासा. उमंग ॲपवर पासबुक उघडा आणि दर महिन्याला रक्कम जमा होतेय का ते बघा. कॉन्ट्रॅक्टर बदलला तरी तुमचा यूएएन एकच राहायला हवा. नवीन कॉन्ट्रॅक्टर दुसरा यूएएन काढायला लागला तर तिथेच थांबवा. पगारातून कपात होते पण पासबुकात दिसत नाही, असं असेल तर ते कंपनी बदलण्याआधी कळलेलं बरं.

पाचवं, प्रमोशनचा कागद नीट वाचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन कामगार संहिता लागू झाल्या. त्यात प्रत्येक कर्मचाऱ्याला नियुक्तीपत्र देणं आवश्यक आहे. कपातीत काढलेल्या कामगारासाठी मालकाने १५ दिवसांच्या पगाराएवढी रक्कम पुनर्कौशल्य निधीत भरायची तरतूदही आहे. पण सुपरवायझरचं काम आणि महिना १८,००० रुपयांहून जास्त पगार असेल, तर औद्योगिक संबंध संहितेतल्या 'कामगार' या व्याख्येत तुम्ही बसत नाही. प्रमोशन नाकारा असं याचा अर्थ नाही. फक्त पगार तोच, काम तेच आणि नाव तेवढं 'सुपरवायझर' असं होत असेल, तर कारण विचारा. वाद झालाच तर पदाच्या नावापेक्षा तुम्ही प्रत्यक्षात काय काम करता हे बघितलं जातं. वर सांगितलेली कामाची यादी इथेही उपयोगी पडते.

विमानतळावर नोकरी शोधताय?

सध्या पनवेल भागातल्या तरुणांमध्ये हाच विषय आहे. इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा.

एक, 'विमानतळावर काम' आणि 'विमानतळ कंपनीची नोकरी' हे वेगळं आहे. सामान हाताळणी, कार्गो, सिक्युरिटी, साफसफाई, दुकानं अशी बरीच कामं वेगवेगळ्या कंपन्या आणि कॉन्ट्रॅक्टर करतात. बंदरात जो प्रवास व्हायला तीस वर्षं लागली, तिथूनच विमानतळाची सुरुवात झालीय. चेक-इन आणि प्रवेशावर डिजियात्रासारख्या सोयी पहिल्या दिवसापासून असतील, तर तिथे फक्त बोर्डिंग पास बघणाऱ्या माणसाची गरज किती राहील, याचा विचार आधीच करा.

दोन, बंदरावर शिकलेलं वाया जात नाही. एअर कार्गोलाही बिल ऑफ एंट्री लागतं, पोर्टल तेच, एचएस कोड तेच. बिल ऑफ लेडिंगच्या जागी एअर वे बिल येतं आणि वेळ दिवसांऐवजी तासांत मोजतात. न्हावा शेवाच्या कामाचा चांगला अनुभव असलेल्या मुलासाठी हे शेजारचं दार आहे.

आणि हो, नोकरीसाठी कुणी 'रजिस्ट्रेशन', 'ट्रेनिंग' किंवा 'युनिफॉर्म'च्या नावाखाली आधी पैसे मागितले, तर तो मेसेज पुढे पाठवू नका. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नवीन सिस्टम शिकायला मी पुढे गेलो आणि तीच माझं काम खाणार असेल तर?
तुम्ही शिकला नाहीत तरी ती येणारच आहे. पहिल्या तुकडीत शिकणाऱ्याला सिस्टम कुठे अडते हे आधी कळतं, आणि ऑफिसला नंतर तोच माणूस लागतो.

बदल जाहीर झाल्यावर लगेच नोकरी सोडावी का?
घाईने नको. आधी वरचे तीन प्रश्न विचारा आणि महिनाभर उत्तरं बघा. तोपर्यंत कामाची यादी, पीएफ आणि सीव्ही तयार ठेवा. तिन्ही उत्तरं 'नाही' असतील तर शोध सुरू करा.

माझं शिक्षण बारावीच आहे, मग?
ब्रोकरच्या ऑफिसमध्ये कार्डासाठी किमान बारावीची अट आहे, म्हणजे दार बंद नाही. खरी अडचण येते ती लिहिण्यात. रोज एका क्वेरीचं उत्तर स्वतः लिहून सिनियरकडून तपासून घ्या. सहा महिन्यांत फरक दिसेल.

सिनियर लोक शिकवत नाहीत, काय करू?
तुम्हीही त्यांना काहीतरी द्या. त्यांचं पोर्टलवरचं अडलेलं काम करून द्या आणि मालाबद्दल विचारा. त्यांनाही त्यांच्या नोकरीची काळजी आहे, हे विसरू नका.

आज संध्याकाळी फक्त एक गोष्ट करा. नोट्स ॲपमध्ये आजच्या दिवसाची कामं लिहा आणि त्यांच्यापुढे खुणा करा. आठवड्याने ती यादी वाचल्यावर तुम्हाला आश्चर्य वाटलं का, ते आम्हाला कळवा. आणि हा लेख क्लिअरिंग, ट्रान्सपोर्ट किंवा वेअरहाऊसमध्ये काम करणाऱ्या तुमच्या मित्राला नक्की पाठवा.